नानांना विचारा : ह्यांना झोपच येत नाही

प्रश्न : नाना, माझे मिस्टर हवालदार आहेत, सतरा वर्षं नोकरी झाली. यंदा पोळ्याच्या दिवशी बैल धुताना एक शाळकरी पोरगा नदीत बुडाला. त्याला पाण्यातून ह्यांनीच काढलं. तेव्हापासून ड्युटीवरून आले की बूट न काढता तासभर खुर्चीत बसून राहतात. नाईट नसली तरी पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारतात. मुलगी मोठ्यानं हसली तरी खेकसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "वेड्याचा शिक्का बसेल, सर्व्हिस बुकाला लागेल." काय करू?
— एक बहीण, पोलीस वसाहत, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी आमच्या हिला वाचून दाखवलं. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "हाई तं तुमनीच गोट शे." म्हणजे, ही तर तुमचीच गोष्ट आहे.

खरं आहे तिचं. 1993 साली मी एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नोकरीला होतो. सासरी जळालेल्या एका बाईचा मरणोत्तर पंचनामा माझ्याकडे आला. पंच दाराबाहेर नाकाला रुमाल लावून उभे, आणि मी आत डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकेक जखम लिहून घेतोय. संध्याकाळी घरी आलो तर हिनं परसात पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजायला टाकलेली. सालीचा वास नाकात गेला आणि पुढ्यातलं ताट मी भिंतीवर फेकलं. हिला वाटलं, मिरची जास्त झाली. आठ महिने आमच्या घरात भरीत झालं नाही. खान्देशातल्या घरात, आठ महिने! कारण सांगायला मला तेवढा वेळ लागला.

पुढे ट्रेनिंग सेंटरवर मी ड्रिल शिकवली. नऊ महिन्यांत पोरांकडून सावधान-विश्राम हजारदा करून घेतलं, रायफल उघडून जोडायला लावली. पहिलं प्रेत उचलल्यावर त्या रात्री काय होतं, हे एकाही तुकडीला सांगितलं नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही गप्प राहिलो. भरतीतही पाहा ना, 50 गुण मैदानाचे, 100 लेखीचे; मनाचं कोणी विचारत नाही.

झोपेचं दुखणं मात्र एकट्या त्या प्रसंगाचं नसावं. आपल्याकडच्या लहान ठाण्यात एक जण आरोपी घेऊन कोर्टात, एक समन्स बजावायला, दोघं मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेले की उरलेल्यांनी बारा-बारा तास ओढायचं. मग सारंगखेड्याची यात्रा आहे, विसर्जन आहे, निवडणूक तर आहेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 28 सांगतं की पोलीस सदैव कर्तव्यावर समजला जाईल. रजेचा अर्ज घेऊन गेलं की वरिष्ठ हेच ऐकवतात. अहो, कलमात झोपू नका असं कुठं लिहिलंय? 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी करून पाहिली, आणि ती कल्पना मांडली होती एका साध्या शिपायानं. आपल्याकडे ती यायची तेव्हा येवो.

त्यात 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदेच बदलले. सतरा वर्षं खुनाला 302 म्हणणाऱ्या जिभेला 103 म्हणायचंय, फसवणुकीच्या 420 चं 318 झालंय (शिवी मात्र चारसोबीसच राहिली), आणि झडती-जप्ती करताना मोबाइलवर शूटिंग करायचं ते वेगळं. चाळिशीतल्या माणसाला हे सगळं रात्रीत पाठ होत नाही. घरी आल्यावर डोक्यात तेच चालू असतं.

आता शिक्क्याचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलाय. उपचार घेतले म्हणून डॉक्टर परस्पर ठाण्याला कळवायला जात नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. ओळखीचं कोणी दिसेल ही भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात दाखवा. तेही जमत नसेल तर 14416 लावा. टेलिमानसची ही सरकारी लाइन आहे, फुकट, दिवसरात्र चालू. आधी तुम्हीच लावा, त्यांना कळलं नाही तरी चालेल. दारू वाढली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाढली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

एका गोष्टीला मात्र उशीर करू नका. "मी नसलो तर बरं" अशा अर्थाचं काही बोलले, तर त्यांच्या नावावरचं हत्यार जमा करून घ्यायला प्रभारी साहेबांना सांगा, त्याच दिवशी. ते रागावतील. रागावू द्या.

नाईट करून आले की खोलीत अंधार करा, फोन तुमच्याकडे ठेवा, आणि वसाहतीतल्या पोरांना दुपारपुरतं दुसऱ्या गल्लीत पिटाळा. दारातच "काय झालं आज?" असं विचारू नका. आमची ही विचारायची, मी "काही नाही" म्हणायचो, की संपलं. शेवटी मी बोललो तो शेंगा निवडताना. दोघांचे हात कामात होते, नजर सुपाकडे होती, म्हणून बोलता आलं.

बुटांचंही तसंच. काढा म्हणून मागे लागू नका. मेथी घ्या, शेंगा घ्या, काय असेल ते घ्या आणि त्या खुर्चीजवळ खाली निवडत बसा.