गळू पिकलंय, चिरा टळेल का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वय ४७, महाल भागात कापडाचं दुकान आहे. कमरेच्या पट्ट्याखाली उजवीकडे पुळी आली, तिचं आता दीड-दोन इंचांचं गळू झालंय. औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या. ताप उतरला, ठणका मात्र वाढला. मावससासूबाई जवसाचं पोटीस बांध म्हणतात. डॉक्टर म्हणतात, चिरा द्यावा लागेल. जास्त पॉवरच्या गोळीने जिरणार नाही का? चिऱ्यानंतर जखम उघडीच ठेवतात आणि विष अंगात पसरतं, असं ऐकलं. दिवाळीपासून हे तिसरं गळू.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही जिरणार. पॉवर वाढवली तरी नाही.

कारण तुमच्याच पत्रात आहे : ताप उतरला, ठणका वाढला. गोळीने आजूबाजूच्या मांसात पसरू पाहणारं इन्फेक्शन आवरलं, पण पुवापर्यंत ती पोचलीच नाही. पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले-जिवंत जंतू आणि विरघळलेलं मांस. त्याभोवती शरीर जाड भिंत घालतं, म्हणून तो सहसा पसरत नाही. पण त्या भिंतीच्या आत रक्तवाहिन्याच नसतात आणि गोळी तर रक्तातून जाते. रस्ताच नाही तिथे ऑटो जाणार कुठून?

तेव्हा पू झाला की त्याला वाट करून द्यायची, हाच इलाज. कातडी आधी बधिर करतात. खरं सांगायचं तर सुजलेल्या, आंबट झालेल्या मांसात भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही, थोडं दुखतं. गळू मोठं किंवा खोल असेल तर थिएटरात नेऊन पूर्ण भूल देतात. चिरा दिला की दाबाखालचा पू भसकन येतो, वासही येतो, आणि रात्रभर कूस बदलणाऱ्या माणसाचे आवळलेले दात सुटतात. मग आत बोट किंवा चिमटा फिरवून पडदे मोडायचे. गळवात अनेक कप्पे असतात, एक जरी राहिला तरी आठवड्याने पुन्हा हजर. कातडीला टाके घातले तर पू परत आत कोंडतो, म्हणून जखम उघडी. ती तळातून वर भरत येते, त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. लहान गळवात पट्टी ठासून भरायची गरज सहसा पडत नाही, नुसतं ड्रेसिंग बदललं तरी चालतं.

विष पसरतं ते चिऱ्याने नव्हे, घरी बसून पिळल्याने. पिळताना भिंत आतून फुटते. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातली पुळी तर कधीच पिळू नका, तिथल्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध आहे.

मावससासूबाई अगदी चुकीच्या नाहीत. पुळी नुसती लाल आणि कडक असताना दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं शेक दिला तर ती कधी बसते, कधी लवकर पिकते. काम शेकाचं, जवसाचं नव्हे. कोमट पाण्यात पिळलेला फडकाही तेच करतो. पण मधोमध मऊ लागू लागलं, नाडीबरोबर ठणकू लागलं, की शेकाचे दिवस सरले.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं वाक्य : ‘दिवाळीपासून हे तिसरं.’ मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), दोन्ही याच आठवड्यात तपासा. शुगर आहे हे गळवाच्या निमित्तानेच कळलेले लोक आम्ही नेहमी पाहतो. शुगर निघाली तर चिऱ्याबरोबर अँटिबायोटिकही लागेल. गरम पोटीस तर मुळीच नको, शुगरने कातडी बधिर झालेली असू शकते, भाजल्याचं कळत नाही. पू कल्चरला, म्हणजे जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाने मरतो हे पाहायला, पाठवायला सांगा, म्हणजे गोळी अंदाजाने द्यावी लागणार नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात घामाने भिजलेला पट्टा दिवसभर त्याच जागी घासतो, तो थोडे दिवस सोडा. टॉवेल वेगळा ठेवा, हे जंतू घरभर फिरतात.

थंडी वाजून ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा कातडी काळी पडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा. गुदद्वाराजवळचं गळूही असंच, लाजून थांबलात तर भगंदर (आतून कातडीपर्यंत वाहती नळी) होण्याची भीती.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. मानेवरची गाठ दोन महिन्यांपासून वाढतेय, आता मऊ झाली. दुखत नाही, लालही नाही. चिरा देऊन टाकावा का?
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, वरचं उत्तर वाचून लगेच चिऱ्याला नेऊ नका. न दुखणारं, हाताला गरम न लागणारं मानेचं गळू आपल्याकडे बऱ्याचदा टीबीच्या गाठीचं असतं. त्यावर नुसता चिरा दिला तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. बाजूच्या चांगल्या कातडीतून सुईने पू ओढून तो टीबीच्या तपासणीला पाठवतात. टीबी निघाला तर इथे गोळ्याच मुख्य इलाज, सहसा सहा महिने, आणि सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात. खोकला नसला तरी डॉक्टर छातीचा एक्स-रे सांगतील, तो काढून घ्या.