शेततळ्यातल्या माशांना सोया पेंडेऐवजी मक्याचा डीडीजीएस चालेल का?

तुम्ही विचारलंय की रोहू-कटल्याला सोया पेंड परवडत नाही, इथेनॉल कारखान्याचा डीडीजीएस (मक्याचा वाळवलेला चोथा) स्वस्तात मिळतोय, तर पेंड बंद करून तोच टाकावा का.

टाका, पण पेंड पूर्ण बंद करू नका. इंदापूरकडे माझी दोन शेततळी आहेत. तिसरं वर्ष वापरतोय आणि पहिल्याच वर्षी हात पोळून घेतलेत.

मका दळून, शिजवून, आंबवला की त्यातल्या स्टार्चचं इथेनॉल होतं. १०० किलो मक्यामागे साधारण ३० किलो चोथा उरतो, तो वाळवला की डीडीजीएस. म्हणून मक्यातलं ९ टक्के प्रोटीन चोथ्यात २७-२८ वर जातं. व्यापारी इथवरच सांगतो. मक्याला बुरशी लागलेली असेल तर तिचं विषही तसंच तिप्पट होतं, ते कोण सांगणार?

दुसरी अडचण लायसिनची, म्हणजे माशाच्या वाढीला लागणाऱ्या प्रोटीनमधल्या एका घटकाची. सोया पेंडेत ते पावणेतीन टक्क्यांच्या वर असतं, मक्याच्या डीडीजीएसमध्ये एक टक्काही भरत नाही. त्यात ड्रायरमध्ये माल करपला असेल तर आहे तेवढंही माशाच्या अंगी लागत नाही. म्हणून गोणी उघडून रंग बघा. सोनेरी पिवळा आणि गोडसर आंबूस वासाचा घ्या. कॉफीसारखा काळपट, करपट वासाचा फुकट दिला तरी नको.

माझा पहिला लॉट असाच काळपट होता, पण रिपोर्टवर प्रोटीन झकास, म्हणून भुललो. तीन महिन्यांनी फेकजाळं टाकलं तर पलीकडच्या तळ्यातला रोहू वीतभर आणि यातला बोटभरच. बीज एकाच दिवशी सोडलेलं!

रिपोर्टचं म्हणाल तर लॅबवाले थेट प्रोटीन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. १०० किलोत एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळपास ३ टक्के प्रोटीन वाढतं. तांदळाचा डीडीजीएस ४५ टक्के प्रोटीनचा म्हणून महाग विकतात, तिथे तर हा मोह मोठा. युरियाची तपासणी वेगळी करून मागा.

आता माझं १०० किलोचं मिश्रण असं असतं: तेल काढलेला भाताचा कोंडा ३९, शेंगदाणा पेंड २५, डीडीजीएस २०, सोया पेंड १५, मिनरल मिक्श्चर १. प्रोटीन २८-२९ टक्के बसतं, रोहू-कटल्याला तेवढं पुरतं. शेंगदाणा पेंडही बुरशीची आवडती, तीसुद्धा हुंगूनच घ्या. बोटुकलीहून (बोटभर पिल्लाहून) लहान बीजाला मात्र मी डीडीजीएस देत नाही.

भुकटी पाण्यावर फेकू नका, निम्मी तळाशी जाऊन सडते. आंध्रात कोल्लेरूकडचे मत्स्यशेतकरी गोणीला भोकं पाडून ती बांबूला बांधतात आणि पाण्यात लोंबती सोडतात. मासे भोकांना तोंड लावून खातात. मी तेच करतो. संध्याकाळी गोणीत माल उरला तर दुसऱ्या दिवशी कमी भरायचा, एवढा साधा हिशोब.

तुमच्याकडे पंगॅसियस असेल तर मक्याच्या डीडीजीएसचं प्रमाण आणखी कमी ठेवा. मक्यातला पिवळा रंग मांसात उतरू शकतो, आणि त्या माशाला पांढऱ्या मांसासाठीच गिऱ्हाईक आहे.

पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरताच माल आणा. मी गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचतो. तरी जुलैत रोज एकेका गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघतो. आत गरम लागलं की ती गोणी सरळ उकिरड्यावर, गुरांनाही नाही.