बिझनेस पेजसाठी सतत नवीन विषय कुठून आणायचे? आणि लोकांनी प्रतिसाद द्यावा म्हणून काय करायचं?

विषय शोधायला लांब जाऊ नका, आधी स्वतःचा इनबॉक्स उघडा. गिऱ्हाईक मेसेजमध्ये, फोनवर जे परत परत विचारतं, तोच तुमचा कंटेंट. समजा कपड्यांचा व्यवसाय आहे आणि लोक विचारतात, "धुतल्यावर रंग जातो का?" मग "उत्तम दर्जा" असं पोस्टर टाकण्यापेक्षा कापड बादलीत भिजवून, पिळून, उरलेलं पाणी दाखवणारा छोटा व्हिडिओ करा. शंका फिटते, आणि असा व्हिडिओ पुढे पाठवावासा वाटतो. स्पर्धकांच्या पोस्टखालच्या तक्रारीही वाचा, तिथे खजिना असतो. लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स फुकट आहे, पण ते नंतर.

प्रतिसादाचं म्हणाल तर लाइक्स मोजत बसू नका. इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं असेल तर इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या भागात, सेव्ह आणि शेअर बघा. "तुम्हाला काय वाटतं?" याला सहसा कोणी उत्तर देत नाही. "निळा की राखाडी?" विचारा, देतील. कमेंट आली की नुसतं "धन्यवाद" टाकून मोकळे होऊ नका, उलट काहीतरी विचारा. आणि हो, ते सुप्रभातचे फोटो कृपा करून बंद करा. आठवड्याला तीनच पोस्ट निभत असतील तर तीनच टाका.