वाचकांचे प्रश्न: बॅरल (नळी) बदलली की कॅलिबर (नळीचं आतलं माप) बदलते का?

प्रश्न: सर नमस्कार, मी म्हापशाचा. वडील गेल्यावर त्यांचं .३२चं पिस्तूल रीतसर माझ्या लायसन्सवर आलंय. आमचा चुलतभाऊ टेक्ससला असतो, चवथीला आला होता तेव्हा सांगत होता की त्याच्याकडे पिस्तूल एकच आणि बॅरली तीन, पाहिजे ती घालतो, दोन मिनिटांचं काम. पुढच्या वेळी येताना माझ्यासाठी ९ एमएमची बॅरल आणतो म्हणाला. बसेल का? आणि चालेल का?

उत्तर: दादा, पुढचं वाचायच्या आधी भावाला मेसेज टाका की आणू नको. आपल्या १९५९च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये शस्त्र म्हणजे नुसतं अख्खं पिस्तूल नाही, सुटे भागही त्यातच येतात, त्यामुळे कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली बॅरल मोपा नाहीतर दाबोळी विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली की तो शस्त्र घेऊन आला असंच धरणार. त्यात ९ एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर मिळतच नाही. प्रोहिबिटेड शस्त्र बाळगलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं शिक्षा, जास्तीत जास्त १४. सण करायला घरी आलेल्या पोरावर ही वेळ यायला नको.

भाऊ खोटं बोलत नाहीये पण. त्याचं पिस्तूल बहुतेक .४०चं, म्हणजे ०.४० इंच कॅलिबरचं असणार. काडतूस हातात घेतलं की आपण बघतो टोकाची गोळी, पिस्तुलाला मतलब असतो बुडाशी, कारण स्लाइडचा (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) सपाट तोंडवळा आणि एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारा, आकडा त्या बुडालाच धरतात. .४० एस अँड डब्ल्यू हे काडतूस आलं १९९० साली, बूड साधारण १०.८ मिलिमीटर. १९९४ला .३५७ सिग हे काडतूस आलं, ते बनवणाऱ्यांनी काय केलं तर तीच .४०ची पुंगळी (काडतुसाचं धातूचं नळकांडं) साधारण तशीच ठेवून तोंडाशी आवळली आणि ९ एमएमच्या मापाची गोळी बसवली, म्हणजे फेणीच्या बाटलीला मान असते ना, तशी. बूड तेच राहिलं, लांबी जवळपास तीच, म्हणून मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) तेच चालतं, स्लाइड तीच चालते, नुसती बॅरल बदलली की झालं. .४०च्या ग्लॉक २२ पिस्तुलात .३५७ सिगच्या ग्लॉक ३१ची बॅरल घालतात ती याच हिशोबाने.

९ एमएमची गोष्ट वेगळी. तिचं बूड १० मिलिमीटरच्याही थोडं आत, म्हणजे .४०च्या स्लाइडमध्ये ती जरा सैल बसते. तरी चालते, पण त्यासाठी खास कन्व्हर्जन बॅरल येते, बाहेरून .४०च्या मापाची आणि आतून ९ एमएमची, मॅगझिनही ९ एमएमचं लागतं आणि काही पिस्तुलांना एक्स्ट्रॅक्टर नाहीतर स्प्रिंगही बदलावी लागते. उलटं मात्र जमत नाही. ९ एमएमच्या पिस्तुलात .४०ची बॅरल घालतो म्हणाल तर काडतुसाचं बूड स्लाइडच्या खाचेत मावणारच नाही, कानस मारून मावेल असं करणं म्हणजे जीवाशी खेळ.

आता तुमचं .३२. यात अजून एक अडचण आहे जी भावाच्या लक्षातच आलेली नाही. त्याच्या पिस्तुलात गोळी सुटताना बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली असतात, गोळी बाहेर गेली आणि दाब उतरला की बॅरलचं बूड खाली झुकतं आणि मग स्लाइड सुटून मागे येते, ही ब्राउनिंगची जुनी पद्धत. .३२ची बहुतेक पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, तिथे अडकणं वगैरे काही नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्याच भरवशावर मागचं तोंड बंद राहतं. तुमच्या .३२ एसीपी काडतुसाचा दाब २०,५०० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) ठरलेला, ९ एमएमचा ३५,०००. त्या हलक्या स्लाइडला तो पेलायचा नाही. आणि ९ एमएमचं काडतूस २९ मिलिमीटरच्या वर लांब, तुमचं २५, ते मॅगझिनमध्येच जायचं नाही. १९१०च्या एफएन ब्राउनिंगमध्ये नुसती बॅरल बदलून .३२चं .३८० व्हायचं हे खरं, पण ती दोन्ही काडतुसं एकमेकांच्या जवळची आणि कमी दाबाची, म्हणून.

म्हणून बसणारही नाही आणि चालणारही नाही. एका कॅटेगरीतून दुसऱ्या कॅटेगरीत शस्त्र बदलणं आता कायद्याच्या कलम ६ मध्येही घातलंय, म्हणजे त्याला वेगळं लायसन्स लागतं, मग ते तुम्ही स्वतः केलंत काय आणि कुणाकडून करून घेतलंत काय.

एक विचारायचं राहिलं, वडिलांची काडतुसं कशात ठेवलीत? मागच्या पावसाळ्यात डिचोलीचे एक काका बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले, त्यात .३२ पिस्तुलाची आणि .३२ रिव्हॉल्वरची काडतुसं एकत्र, त्यांना वाटायचं नाव एक म्हणजे माल एक. मी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उभी केली, पिस्तुलाची पुंगळी १७ मिलिमीटर, रिव्हॉल्वरची २३, बुडाची कडही वेगळी. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, तीस वर्षं हा डबा माझ्या कपाटात होता. तुमचाही डबा काढून बघा, वेगळं काही निघालं तर घरात ठेवू नका, डीलरला दाखवा.

प्रश्न: माझा मुलगा पिस्तूल शूटिंग करतो, त्याचे कोच म्हणतात की एकाच पिस्तुलावर .२२ आणि .३२ दोन्ही इव्हेंट खेळता येतात. हे कायदेशीर आहे का? (फोंडा)

उत्तर: ताई, हो, पण दोन्ही कॅलिबरची नोंद कागदावर पाहिजे. वॉल्थर जीएसपीसारखी पिस्तुलं अशीच बनवलेली असतात. .२२ला फायरिंग पिन कडेवर आपटते आणि .३२ला मधोमध, म्हणून तिथे नुसती बॅरल बदलून भागत नाही, बॅरल, बोल्ट, मॅगझिन असा वरचा सगळा संचच बदलतो. सेंटर फायर इव्हेंटला, म्हणजे पिन मधोमध आपटणाऱ्या काडतुसांच्या स्पर्धेला, ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर चालतं, त्यात २००६ला दोहा एशियाडमध्ये जसपाल राणाने ५९० मारून वर्ल्ड रेकॉर्डशी बरोबरी केली होती. संच घ्यायच्या आधी असोसिएशनमार्फत कलेक्टर ऑफिसात नोंद करून घ्या, नंतर नको.

प्रश्न: शेताच्या राखणीची १२ बोअरची बंदूक आहे, बॅरल तोंडाशी गंजून खड्डे पडलेत. तोंडाकडचं दोन इंच कापून टाकलं तर? (काणकोण)

उत्तर: कापू नका. बॅरल आखूड करायला वेगळं लायसन्स लागतं, तेही कलम ६च. लायसन्सवाल्या रिपेअररकडे न्या, खड्डे कितपत खोल आहेत ते तो आतून उजेड टाकून बघेल, आणि तो नको म्हणाला तर एकही काडतूस झाडू नका, त्याच बोअरची दुसरी बॅरल त्याच्याकडूनच बसवून घ्या आणि पावती लायसन्सच्या पुस्तकात ठेवा. नवीन बॅरल पावसाळ्यात कातडी म्यानात कोंबून ठेवू नका, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते कातडंच ओल धरतं, जुनीही तशीच गेली असणार.