लिंक जोडताना फाइल का बिघडते?

प्रश्न : रेव्हिट या इमारत-आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधली तीन इमारतींची मॉडेल्स एकाच फाइलमध्ये लिंक केली होती. सगळी 'बाइंड' केल्यावर, म्हणजे लिंकऐवजी त्यांचे घटक त्याच फाइलमध्ये आणल्यावर, फाइल उघडेनाशी झाली. काय चुकलं?

उत्तर : बहुधा घाई. मीही एकदा शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या आधी 'एवढं करून टाकू' म्हणून चार लिंक एकदम बाइंड केल्या होत्या. शनिवार-रविवार त्यातच गेला.

आता मी मूळ फाइलला हात लावत नाही. प्रत्येक मॉडेल 'ऑडिट' (फाइलमधले दोष तपासणं) आणि 'डिटॅच फ्रॉम सेंट्रल' (सगळ्यांच्या सामायिक फाइलपासून प्रत वेगळी करणं) या दोन्ही पर्यायांवर टिक करून उघडते, नव्या नावाने आपल्याच डिस्कवर सेव्ह करते. नेटवर्कवर हे काम नको. मग रेव्हिटने दाखवलेल्या वॉर्निंग्ज निस्तरायच्या आणि 'पर्ज' करून न वापरलेली अडगळ काढायची. सगळ्या फाइल रेव्हिटच्या एकाच आवृत्तीत हव्यात, हे वेगळं सांगायला नको.

बाइंड करताना एका वेळी एकच लिंक. खिडकीत लेव्हल्स (मजल्यांच्या पातळ्या) आणि ग्रिड्स (आखणीच्या रेषा) यांचे पर्याय येतात. यजमान फाइलमध्ये, म्हणजे जिच्यात लिंक जोडल्या आहेत तिच्यात, त्या आधीच असतील तर या पर्यायांवरची टिक काढून टाका, नाहीतर एका मजल्याच्या दोन-दोन लेव्हल्स होतात. भिंतीच्या प्रकाराचं नाव दोन्हीकडे सारखं आणि थर वेगळे असतील, तर यजमानाचा प्रकार टिकतो आणि भिंतीची जाडी गुपचूप बदलते! म्हणून नावं आधीच बदलून घ्या. बाइंडनंतर लिंकचा एक ग्रुप होतो. तो अनग्रुप करा, सेव्ह करा, फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहा. उघडली तरच पुढची लिंक.

आणि खरंच बाइंड करायलाच हवं का? नुसतं पाहण्यापुरतं असेल तर लिंक तशीच राहू द्या.