कमळ बस्ती, वस्तीची गाडी आणि सुत्ताले

प्रश्न असा आलाय की बेळगावच्या किल्ल्यातल्या कमळ बस्तीच्या जागी पूर्वी लोक राहायचे का, म्हणून तिला बस्ती म्हणतात का, आणि बस्ती बरोबर की बसदी.

नाही हो! हल्ली प्रत्येक व्हिडिओवाला तिथे उभा राहून 'ही जैनांची प्राचीन वसाहत' असं ठोकून देतो, डोक्यात हिंदी बस्ती असते ना. कमळ बस्ती हे जैन देऊळ आहे, १२०४ सालचं, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं बांधवलेलं, आणि कमळ म्हणजे मंडपाच्या छतातून खाली झुकलेलं ते दगडी कमळ. संपलं.

आता शब्द. संस्कृत वसति, कानडीत व चा ब आणि त चा द होऊन बसदि, मग बोलताना मधला अ गळाला आणि स च्या शेजारी द चा परत त झाला, बस्ती. म्हणजे दोन्ही बरोबर, बसदी पुस्तकी आणि बस्ती तोंडातली. पण खरी गंमत उत्तरेला आहे, तोच वसति प्राकृतात 'वसहि' झाला आणि राजस्थानात आबूच्या डोंगरावर जाऊन बसला, तिथलं जैन देऊळ विमल वसही, १०३१ सालची! तिकडचं पांढरंशुभ्र संगमरवर आणि इकडचा काळा दगड, शब्द एकच. साधूंनी उतरायची जागा ती वसति, ते पावसाळ्यात चार महिने एका जागी राहणार, मग त्या जागेचंच नाव देवळाला चिकटलं असं माझं ठाम मत आहे. आणि हा मुक्कामाचा अर्थ मराठीनं अजून सोडलेला नाही, एसटीची वस्तीची गाडी म्हणजे गावात रात्र काढणारी गाडीच की. (बौद्धांचा विहार म्हणजे राहायची जागा आणि जैन साधूंचा विहार म्हणजे पायी चालत जाणं, हे कुणीतरी नीट लिहायला हवं.)

बरं, यावर लोक फर्ग्युसनसाहेबाला पुढे करतात, म्हणजे भारतीय स्थापत्याचा इतिहास लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला जेम्स फर्ग्युसन. त्यानं दक्षिणेतल्या जैन देवळांचे दोन प्रकार पाडले, बस्ती आणि बेट्ट. बस्ती म्हणजे तीर्थंकराची मूर्ती असलेलं नेहमीचं देऊळ आणि बेट्ट म्हणजे उघडं अंगण, भोवती ओवऱ्या, मध्ये गोमटेश्वर, म्हणजे बाहुबलीची मूर्ती. अहो पण कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर! साधा डोंगर! श्रवणबेळगोळला मूर्ती डोंगरावर आहे म्हणून लोक बेट्ट म्हणत असणार, साहेबानं त्याचा स्थापत्यप्रकार करून टाकला आणि आपले लोक अजून तो उतरवून काढतात, एखाद्या कानडी माणसाला विचारलं असतं तरी भागलं असतं.

त्या बांधकामाला शब्द होता ना, आणि तो चक्क मराठी लेखात आहे, गोमटेश्वराच्या पायाशी! 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही पहिली ओळ शाळेत सगळ्यांनी पाठ केलीय, ती खरंच ९८३ ची की नंतर कोरलेली, अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी शिलालेख जुना की हा, यावर लोक तासन् तास भांडतात आणि खालची ओळ कुणी वाचतच नाही: 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. गंगराज म्हणजे होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकातला. कानडी सुत्तु म्हणजे वेढा, भोवताल, त्याला आलय जोडला की सुत्तालय, त्याचं मराठीत सुत्ताले. मूर्तीभोवतीचं आवार, ओवऱ्यांसकट. म्हणजे फर्ग्युसन ज्याला बेट्ट म्हणतो ते हेच, आणि त्याच्या सातेकशे वर्षं आधी दगडावर नाव लिहून ठेवलंय. एवढा देखणा शब्द आपण टाकून दिला आणि आता पाट्यांवर 'परिसर', 'कॉम्प्लेक्स' लिहितो.

हां, कमळ बस्ती. बस्तीच लिहा, स्त्रीलिंगी, ती बस्ती. आणि तिथे गेलात तर छताकडे बघायला विसरू नका.