घोड्याचं ब्रह्मचर्य

'इन्सेल'ला, म्हणजे मनात असूनही जोडीदार न मिळालेल्याला, मराठीत 'अनैच्छिक ब्रह्मचारी' म्हणावं का, असा प्रश्न आलाय. नका म्हणू. हल्ली जो तो हेच लिहितो आणि दर वेळी दाताखाली खडा येतो. ब्रह्मचर्य हे व्रत आहे, ते कुणावर ओढवत नाही. एकादशी धरणारा आणि डबा घरी विसरलेला दोघंही उपाशीच, पण उपास एकाचाच. 'सडाफटिंग' म्हणाल, तर तो गडी खुशीत असतो.

इंग्रजी शब्दाची कथा छोटी. कॅनडातल्या अलाना नावाच्या विद्यार्थिनीनं १९९७ मध्ये एकट्या पडलेल्यांसाठी संकेतस्थळ काढलं. त्याच्या नावात 'इनव्हॉलंटरी सेलिबसी' होतं. त्याचं आधी 'इन्व्हसेल' झालं, ते तोंडात बसेना म्हणून 'इन्सेल'. त्यात बायका-पुरुष दोघंही होते. शिवीचा वास नंतर आला. मुळात लॅटिन 'कैलेब्स' म्हणजे नुसता बिनलग्नाचा, व्रताबिताचा संबंध नाही. म्हणून तिकडे 'इनव्हॉलंटरी' खपून गेलं.

आता खरी गंमत. संस्कृतात यासाठी नेमका शब्द आहे, तुरगब्रह्मचर्यक. आपट्यांचा १८९०चा संस्कृत-इंग्रजी कोश काढा. (माझ्या प्रतीतलं 'तुरग'चं पान उलटून उलटून सुटं झालंय.) स्त्रीचा सहवासच नाही म्हणून घडलेलं ब्रह्मचर्य, म्हणजे घोड्याचं! पागेत अगाडी-पिछाडी लावून ठाणबंद केलेल्या घोड्याला विरक्त कोण म्हणेल?

माझा जीव मात्र त्या शेवटच्या 'क'वर. पाणिनीच्या 'कुत्सिते' (५.३.७४) या सूत्रानं निंदेसाठी क लागतो, आणि काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, त्याचं उदाहरण कोणतं? अश्वक, म्हणजे भिकार घोडा. इथंही घोडाच! तेव्हा हा क नाक मुरडणारा आहे, 'कसलं आलंय डोंबलाचं ब्रह्मचर्य' म्हणणारा, असं माझं ठाम मत. संस्कृतवाले मित्र 'अहो, तो स्वार्थे क, त्याला वेगळा अर्थ नसतो' म्हणून हात झटकतात. अर्थ लागेना की स्वार्थे, ही पळवाट पंडितांना कायम उघडी.

एक अडचण आहे खरी. आपट्यांचा अर्थ धरला तर शब्द पुरुषांपुरताच उरतो, खुद्द अलानाच बाहेर. तिच्यासाठी घोडीवरून 'वडवाब्रह्मचर्यक' घडवता येईल. पाणिनीची हरकत नसावी, पण आमच्या घरातून परवानगी मिळायची नाही.